हात सोडवायचा आठवडा

बुधवारी सकाळी सव्वादहाला ठमी बैठकीच्या खोलीत पडली आणि तिला सांभाळणाऱ्या माऊने उचललं नाही.

पडणं फार मोठं नव्हतं. गालिच्याची कड पायात आली, गुडघे टेकले, हातातला लाकडी हत्ती घरंगळत सोफ्याखाली गेला. ठमीने आधी गुडघ्याकडे पाहिलं, मग माऊकडे. खालचा ओठ पुढे आला. एरवी या ओठाला या घरात एकच उत्तर होतं. माऊ हातातलं काम टाकून यायची, तिला काखोटीला मारायची आणि गालिच्याला दोन चापट्या द्यायची. आज माऊ टेबलापाशी धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत होती, ती जागची हलली नाही. लागलं का, उठता येतंय का बघ, एवढंच म्हणाली आणि पुढचा मोजा उचलला. रडण्याजोगं काही आहे की नाही, याचा ठमीने थोडा वेळ विचार केला असावा. मग ती उठली, पालथी पडून सोफ्याखाली हात घातला आणि हत्ती ओढून काढला.

पुस्तकांच्या कपाटावरच्या कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागलेला होता. म्हणजे ठमीची आई ऑफिसातून बघत होती. त्या कॅमेऱ्यातून बोलायचीही सोय होती. माऊ, तिचे केस डोळ्यांवर आलेत. माऊ, पडदा ओढा, असे निरोप त्यातून दिवसभर यायचे. बागेत बाकावर बसल्यावर माऊ त्याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायची. आज ठमी पडली तरी कॅमेरा गप्प राहिला. माऊच्या ते लक्षात आलं, पण तिने त्याचा अर्थ लावला नाही. मीटिंग असेल, असं तिला वाटलं.

ठमी सोमवारपासून पूर्ण दिवसाच्या शाळेत जाणार होती आणि शुक्रवार हा माऊचा या घरातला शेवटचा दिवस होता. मुलं सांभाळणाऱ्या बायका या शेवटच्या आठवड्याला हात सोडवायचा आठवडा म्हणतात. पहिल्या हाकेला जायचं नाही. मांडी मागितली तर खुर्ची दाखवायची. झोपवताना थोपटायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं. काहीही मागितलं तरी 'आईला विचार' म्हणायचं, मग ती घरात असो वा नसो. हे एकदम करायचं नाही, दिवसागणिक वाढवत न्यायचं. शेवटच्या दिवशी पोर आपल्या मागे दाराला धरून किंचाळलं, तर ती बाई कामाला कच्ची. माऊच्या पोरांपैकी एकही दाराशी रडलेलं नव्हतं. तिच्या धंद्यात मिरवण्यासारखं एवढंच असतं, आणि तेही मिरवायचं नसतं.

कारण या रीतीला आणखी एक कलम होतं: आईला सांगायचं नाही. पहिल्याच घरी एका जुन्या बाईने माऊला हे बजावलं होतं. सांगितलं की आया हळव्या होतात. राहू दे हो शेवटपर्यंत लाडात, म्हणतात. आणि शेवटच्या दिवशी पोराने टाहो फोडला की कानांवर हात ठेवून आतल्या खोलीत जातात. तो टाहो ऐकत जिना उतरायला लागतो तो आपल्याला.

अकराच्या सुमारास माऊ ठमीला घेऊन बागेत गेली. पूर्वी या बागेतले तिन्ही बाक सांभाळणाऱ्या बायकांनी भरलेले असत आणि उशिरा येणारीला बाबागाडीच्या दांड्याला टेकून उभं राहावं लागे. आता एका बाकावर माऊ आणि कोर्सवाली अशा दोघीच बसत. दुसऱ्या बाकापाशी कोणाचे तरी वडील चाकाच्या खुर्चीत उन्हाला लावलेले असत आणि त्यांच्या शेजारी बसलेली बाई मोबाइल बघत असे. ती बाई पूर्वी माऊच्याच बाकावर बसायची.

कोर्सवाली तिशीच्या आतली. बालसंगोपनाचं सर्टिफिकेट घेऊन आलेली, म्हणून हे नाव. पहिल्या महिन्यात बाकावर तिची बरीच टिंगल झाली होती, कानामागून आली आणि तिखट झाली वगैरे. पण टिंगल करणाऱ्या एकेक करून निघून गेल्या आणि ही राहिली. आता दोघींचं बरं जमत होतं. सध्या तर त्या दोघी एकाच घराच्या मागे होत्या, आणि हे दोघींनाही ठाऊक होतं.

ते घर दोन गल्ल्या सोडून होतं. चार महिन्यांचं बाळ, आई पुढच्या महिन्यात कामावर परतणार. पूर्ण दिवसाचं काम, निदान तीन वर्षं चालेल असं. असं घर आता वर्षातून एखादं निघतं. एजन्सीने गेल्या शनिवारी माऊला तिथे तासाभरासाठी पाठवलं होतं. बाळ आधी कुरकुरलं, मग माऊच्या खांद्यावर लाळ गाळत झोपून गेलं. बाळाची आई दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. निघताना ती म्हणाली होती, मला तर तुम्ही आवडलात, फक्त जुन्या घराशी एकदा बोलून घेते.

"माझं उद्या बोलावणं आहे तिथे," कोर्सवाली म्हणाली. "तुम्हाला सांगून टाकते, नंतर तोंड लपवायला नको."

"जा की. पूर्वी एका बाईसाठी दोन बाळं भांडायची. आता एका बाळामागे दोन बाया."

"आणि बाळ झोपलेलं."

माऊला हसू आलं. तेवढ्यात ठमीने घसरगुंडीच्या पायथ्यावरून हाक मारली. माऊने मान वळवली नाही. दुसरी हाक आली तेव्हा ती सावकाश उठली, दोन पावलं गेली आणि तिथूनच विचारलं, काय गं. कोर्सवालीने हे बघितलं. तिने विचारलं, ठमीच्या आईला याची कल्पना आहे ना? आम्हाला शिकवलंय की हे आईवडलांना आधी बसवून सांगायचं, हवं तर त्यांच्याकडूनच करून घ्यायचं. माऊ म्हणाली की तुमच्या कोर्सला शिकवणाऱ्यांनी कधी जिना उतरलेला नसेल. कोर्सवालीने वाद घातला नाही. तिला वाद घालायची हौस नव्हती, आणि हात सोडवायची वेळ तिच्यावर अजून आली नव्हती.

माऊला ते घर हवं होतं. नुसतं काम हवं होतं असं नाही, काम तर एजन्सीकडे पडलेलं होतं. एजन्सी म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, दोन फोन आणि एक एजन्सीवाल्या बाई. आठवड्यापूर्वी माऊ तिथे गेली तेव्हा बाईंनी तिला खुर्ची दिली आणि परिस्थिती सांगितली. बाळं कमी झालीत. जी आहेत त्यांच्यासाठी ऑफिसांनी खालच्या मजल्यावर पाळणाघरं काढलीत. राहिलेली घरं अर्ध्या दिवसाची बाई मागतात, नाहीतर दोन घरं मिळून एक. त्यातही वय विचारतात, सर्टिफिकेट विचारतात.

"बाळं यायला तयार नाहीत, मावशी, आणि म्हातारे जायला," बाई म्हणाल्या होत्या. त्यांचं स्वतःचं वय काही कमी नव्हतं. "म्हाताऱ्यांकडे या. तिथे वर्षभर मागणी. आज हो म्हणा, उद्या घर देते."

म्हाताऱ्यांचं काम माऊने केलेलं होतं, पण नोकरी म्हणून नव्हे. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा कूस बदलणं, उचलणं, पुसणं, भरवणं तिने एकटीने केलं होतं. पाठीतली कळ तिथली होती. आणि कळ एकवेळ गोळी घेऊन थांबते. बाळ रोज थोडं जड होतं, पण रोज थोडं शहाणंही होतं. आज बसेल, उद्या उभं राहील, एक दिवस माझं मी म्हणेल. सासूबाईंचं उलटं होत गेलं. आपण रोज राबायचं आणि समोरचं माणूस रोज थोडं कमी व्हायचं. शेवटी तर त्या माऊला ओळखतही नव्हत्या, आणि तरी तिचाच हात धरून ठेवत. तो हात सोडवायची कुठली रीत तिला कोणी शिकवली नव्हती. असं दुसरं घर अंगावर घ्यायचं तिच्यात त्राण नव्हतं. एक बाळ मिळालं, शेवटचं, तर तीन वर्षांनी ती सुखाने घरी बसली असती.

संध्याकाळी ठमीची आई आली ती खांद्यावरची पिशवी न उतरवताच उभी राहिली. ठमी आतल्या खोलीत चित्र रंगवत होती.

"माऊ, आमचं काही चुकलंय का?"

माऊला कळेना. ठमीच्या आईने आवाज खाली ठेवून सांगितलं. या आठवड्यात ती रोज ऑफिसातून बघत होती. ठमी हाक मारते, तुम्ही जात नाही. मांडीवर यायला बघते, तुम्ही खुर्चीकडे बोट दाखवता. आज तर ती पडली. काम सुटतंय म्हणून तुम्ही दुखावला असाल हे मी समजू शकते, पण त्यात तिचा काय दोष? एवढं बोलून ती थांबली आणि मग तिने खरी गोष्ट सांगितली. दुपारी त्या चार महिन्यांच्या बाळाच्या आईचा फोन येऊन गेला होता. माणूस कसं आहे, असं तिने विचारलं होतं.

"मी सांगितलं, तीन वर्षांत बोट ठेवायला जागा नाही. पण अलीकडे त्या मुलीपासून तुटल्यासारख्या वागतात, उचलून घेत नाहीत. मला खोटं बोलवेना, माऊ. ती पण आईच आहे."

माऊने या आठवड्याबद्दल सगळं सांगितलं: पहिली हाक, मांडी, थोपटणं, दाराशी न रडलेली पोरं. सांगताना तिला स्वतःलाच ते सबबीसारखं वाटायला लागलं, कारण या गोष्टी तिने आजवर कुठल्या आईला समजावलेल्या नव्हत्या आणि त्यासाठी लागणारे शब्द तिच्याकडे नव्हते. ठमीची आई ऐकता ऐकता ठमीच्या बुटक्या खुर्चीवर बसली.

"मला सांगायचं ना."

"सांगायची रीत नाही, ताई."

"मी रोज तिथे बसून बघत होते आणि मनात तुम्हाला बोल लावत होते."

"पूर्वी कॅमेरे नव्हते," माऊ म्हणाली. चूक नेमकी कुठे झाली हे तिलाही तेव्हाच उमगलं.

ठमीच्या आईने तिथेच बाळाच्या आईला फोन लावला. तो उचलला गेला नाही. मग माऊने एजन्सीवाल्या बाईंना लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की हे वरातीमागून घोडं झालं. दुसरा फोन गेला की लोकांना वाटतं, सारवासारव चाललीये. त्यांनी कोर्सवालीला उद्या बोलावलंय, हे ठाऊक असेलच. दरम्यान माझ्याकडे एक आजोबा आहेत, स्वभावाने गरीब, नुसते उचलावे लागतात. त्यांच्या मुलाला शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवते म्हटलंय.

निघताना ठमीच्या आईने माऊला जिन्यापर्यंत सोबत केली. तिला एक उपाय सुचला होता. एकदा, फक्त एकदा, ठमीला पूर्वीसारखं मांडीवर घेऊन बसा. कॅमेऱ्यात येईल तेवढं मी त्यांना पाठवते, सोबत चार ओळी लिहिते. डोळ्यांनी बघितलं की पटतं.

"आणि सोमवारी?" माऊने विचारलं.

"सोमवारचं मी बघीन."

सोमवारचं बघीन असं सगळ्याच आया म्हणतात, आणि मनापासून म्हणतात.

माऊ आपल्या थोरल्या बहिणीबरोबर राहत होती. बहीण एका धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची आणि घरी आल्यावर पाय बादलीत बुडवून बसायची. तिने हकीकत ऐकली आणि तिला त्यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही. घे मांडीवर, म्हणाली. पोरगी दोन दिवस रडेल आणि विसरेल.

"आणि तू त्या आजोबांना वर्षानुवर्षं उचलशील," ती पुढे म्हणाली. "ठमी मोठी होऊन तुला विचारायला येणार आहे का, पाठ कशी आहे म्हणून?"

"अगं, नीट सुटत आलंय तिचं."

"तुझंही सुटलं असतं तर बरं होतं."

माऊने पाण्यातले बहिणीचे पाय पाहिले. ते घोट्यापर्यंत सुजलेले होते. तिने टॉवेल पुढे केला आणि विषय तिथेच राहिला.

गुरुवारी तिने काही केलं नाही. ठरवलं नाही म्हणून केलं नाही. हिरवा दिवा दिवसभर लागलेला होता आणि ठमीच्या आईने एकदाही आठवण करून दिली नाही. ते माऊला बोलण्यापेक्षा जड गेलं. ठमी दुपारी थोपटल्याशिवाय झोपली. उठल्यावर तिने बूट स्वतः चढवले, डाव्याचा उजवा करून. माऊने ते बघितलं आणि बदलले नाहीत. बागेत बाकावर माऊ एकटीच होती.

शुक्रवारी जेवणं आटोपल्यावर माऊ सोफ्याच्या त्या टोकाला जाऊन बसली जिथून कॅमेरा समोर येतो. तिथे बसायचं तिने सकाळी ठरवलं होतं. रात्री तिने त्या आजोबांचा विचार केला होता, आणि आजोबांच्या जागी तिला सारख्या सासूबाईच दिसत होत्या. सकाळी उठताना पाठीने जे सांगायचं ते सांगितलं. पोरगी दोन दिवस रडेल, हे बहिणीचं म्हणणं खोटं नव्हतं. दोनच दिवस. तिने पदर सारखा केला आणि दोन्ही हात पुढे केले.

"ठमे, ये. मांडीवर ये."

हात सोडवायला घेतल्यावर पुन्हा पुढे केलेला तिच्या आयुष्यातला हा पहिला हात होता.

ठमी गालिच्यावर उशी मांडत होती. तिने वर पाहिलं. माऊच्या हातांकडे जरा वेळ पाहिलं, घरातली एखादी वस्तू कोणी जागा बदलून ठेवली की पाहावं तसं.

"तू तिथे बस," ती म्हणाली. "हत्तीला झोपवायचंय."

तिने हत्तीला उशीवर आडवं केलं. अंगावर रुमाल घातला. मग त्याच्या शेजारी मांडी घालून बसली. दोन्ही हात स्वतःच्या मांडीत घेतले आणि ते तिथेच ठेवले. थोपटलं नाही. हत्तीने बहुधा काहीतरी मागितलं असावं, कारण ठमी त्याला समजावत म्हणाली, आईला विचार हं, मी इथेच आहे. हे सगळं माऊच्याच आवाजात होतं, दमलेल्या चढउतारासकट.

माऊचे हात अजून पुढेच होते. ते मागे घ्यायचं तिला सुचायला वेळ लागला.

कॅमेऱ्यात खरखर झाली. दिवसभरात पहिल्यांदा ठमीच्या आईचा आवाज आला. "असू दे, माऊ," एवढंच ती म्हणाली. पुढेही काही म्हणणार होती असं वाटलं, पण दिवा विझला.

संध्याकाळी तिने माऊला मोबाइलवर दाखवलं. हत्ती झोपवतानाचं ते चित्रण तिने जसंच्या तसं बाळाच्या आईला पाठवलं होतं, माऊच्या रिकाम्या हातांसकट. खाली लिहिलं होतं की मी बुधवारी जे सांगितलं ते मला कळलं नव्हतं, आता कळलंय, आणि हे काय चाललंय ते तुम्हाला नाही कळलं तर मला फोन करा. माऊने ते दोनदा वाचलं. याने बरं होईल की वाईट, हे तिला सांगता येईना. हातात पोर नसलेली बाई त्यात दिसत होती, हेही खरं होतं. निघताना ठमीने दारातून हात हलवला आणि माऊ जिन्याच्या वळणावर पोचायच्या आत ती आत पळाली. जिना शांत होता.

एजन्सीवाल्या बाईंनी आजोबांच्या मुलाला सोमवारपर्यंत थांबवलं, मोठ्या मिनतवारीने. कोर्सवालीने शनिवारी आपणहून फोन केला. तिचं गुरुवारचं बोलावणं चांगलं झालं होतं, पण तिलाही हो की नाही कळवलेलं नव्हतं. बाळ यावेळी जागं होतं, असं तिने सांगितलं. तुम्हाला मिळालं तर मला वाईट वाटेल, आणि मला मिळालं तरी वाटेल, म्हणाली. माऊ म्हणाली, मग तुझं नुकसान ठरलेलंच आहे.

सोमवारी सकाळी नऊनंतर थोड्या वेळाने माऊच्या मोबाइलवर ठमीच्या आईचा निरोप आला. ठमी शाळेत गेली. रडली नाही. मागे बघितलंही नाही. मी गाडीत बसून रडले.

त्याखाली आणखी एक ओळ होती. बाळाच्या आईने शुक्रवारचा निरोप काल रात्री उघडून पाहिला आहे, उत्तर दिलेलं नाही.

माऊने पाठीला शेक द्यायची पिशवी भरली आणि फोन उशाशी ठेवून आडवी झाली. एजन्सीवाल्या बाई आजोबांच्या बाबतीत दुपारी बारापर्यंत थांबणार आहेत.